फाटकाच्या मागे

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मला झोप लागली असती.

ऑगस्टमधल्या शेवटच्या सोमवारची सुट्टी. कॉर्नवॉलचा उत्तर किनारा. सकाळपासून भुरभुर पाऊस, वर धुकं. पायी फिरणारा आमचा अकरा जणांचा गट, आणि सगळ्यांत मागे राहायचं काम माझं.

काम सोपं. शेवटचा माणूस आत आला की कुरणाचं फाटक लावायचं आणि ओरडायचं, "फाटक लावलं!" मग पुढे आमचा म्होरक्या हेडली सगळ्यांना घेऊन निघतो.

त्या दिवशी गटातले डेन्झिल सतत रेंगाळत होते. वय अठ्ठ्याहत्तर. दर दहा पावलांवर बुटाची नाडी.

"लव्हडे, तू हो पुढे. म्हातारं घोडं येतंय मागून."

"तुमच्यापायी माझं जेवण बुडणार," मी फणकारले. पबचं स्वयंपाकघर दोनला बंद होतं.

एक वाजता फाटकाशी पोचले. मागे नुसतं धुकं. दोन मिनिटं थांबले. खरं सांगते, दोनसुद्धा नाही.

"फाटक लावलं!"

"डेन्झिल आले का?" पुढून हेडली.

"आले." धडधडीत खोटं.

आणि माझ्या पाठीमागे... कडी वाजली.

"आलो रे बाबा, चला." डेन्झिलचाच आवाज. सगळ्यांनी ऐकला.

मी वळले.

फाटक बंद. कोणी नव्हतं...

तिथेच सांगायला हवं होतं. मी मुकाट्याने चालू लागले.

पबमध्ये एक खुर्ची रिकामी राहिली. "फाटकातून तर आले होते, आपण ऐकलं की," सगळे म्हणाले. म्हणून बचाव पथकाने फाटकाच्या पुढचाच किनारा पिंजून काढला. मला माहीत होतं, मागे शोधायला हवं. पण तोंड उघडलं तर खोटं उघडं पडणार होतं. साडेपाचला कशीबशी म्हणाले, "मागेही बघू या."

फाटकाच्या अर्धा मैल मागे, उतारावर सापडले. पाय मोडलेला. अंग अजून कोमट.

डॉक्टर म्हणाले, पाचपर्यंत जिवंत असावेत.

मग एक वाजता फाटकाशी बोललं कोण? मला पाठीशी घातलं, की त्यांना सापडू दिलं नाही?

"काही विसरलं म्हणून परत गेले असतील बिचारे," सगळे म्हणाले.

दफनाच्या दिवशी त्यांची मुलगी केरेन्सा माझा हात धरून रडली. "बाबांसाठी कोणी थांबत नाही हो. तुम्ही थांबलात."

मी मान डोलावली. सहा वर्षं झाली. तिला अजून सांगितलेलं नाही.