पाच नंबरचं उत्तर

"माफ करा, पण तुम्ही माझा नंबर लावलाय."

मी मान वर केली. समोर एक उंच मुलगा, हातात चार नंबरचा बिल्ला. माझ्या खांद्याशी पाच! टेबलावरून घाईघाईत उचलताना मी चुकीचाच उचलला होता.

"मग तुम्ही चार व्हा," मी म्हटलं. "काय फरक पडतो?"

"म्हणजे तुमच्या आधी मी बोलायचं? छे! माझी आत्ताच बोबडी वळलीये."

मला हसू आलं… त्या सकाळचं पहिलं. बिल्ले बदलताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली आणि मी उगाचच खिडकीबाहेर बघत राहिले.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात स्वागतकक्षाची जागा एकच होती आणि आम्ही उमेदवार सहा. याआधी तीन ठिकाणच्या समूह मुलाखतीत मी मूग गिळून बसले होते. ही नोकरी हुकली, तर मामांच्या गोदामात लेबलं चिकटवायला जायचं घरात ठरलं होतं. निघताना वहिनीने बजावलं होतं, "गप्प राहू नकोस. पण तोंडाचा पट्टाही सोडू नकोस. दुसऱ्याचं नीट ऐक आणि त्यालाच धरून पुढे बोल." तिला सांगायला काय जातंय!

आत गोल टेबल होतं. पलीकडे व्यवस्थापक बाई वही उघडून बसल्या होत्या. त्यांनी प्रसंग दिला – खिडकीशी एकदम तिघं आलेत. डोळ्याला पट्टी बांधलेले आजोबा, रडणारं बाळ घेतलेली आई आणि घाईतले एक साहेब. आधी कोण? वीस मिनिटांत सगळ्यांनी मिळून एकच उत्तर द्यायचं.

एक नंबर सुटलाच. कडक टाय, कडक आवाज. "आधी आजोबा!" म्हणाला आणि मग थांबेचना. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"चार नंबरचं राहिलंय," पाच नंबर म्हणाला. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आता सुटका नव्हती. "आजोबा आधी, हे यांचं बरोबरच आहे," मी एक नंबरकडे बघत सुरुवात केली. "पण त्याच्याही आधी तिघांकडे बघून 'बसा, आलेच' म्हणावं. आपल्याला बघितलंय एवढं कळलं, तरी माणूस थांबतो."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. पाच नंबर माझ्याकडे असा काही बघत होता, की पुढचं सगळं मी टेबलाकडे बघतच बोलले.

शेवटी बाईंनी सगळ्यांना विचारलं, "स्वतःला सोडून कोणाला घ्याल? कारणासकट सांगा."

पाच नंबरचं नाव घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. पण खोटं बोलवेना.

"पाच नंबर. गप्प बसलेला माणूस त्यांना दिसतो. इथे येणारी निम्मी माणसं तशीच असतील."

त्याचे कान लाल झाले. मग त्याची पाळी आली.

"एक… एक नंबर."

"कारण?"

"त्यांचा… टाय चांगला आहे."

सगळे हसले, मी सोडून. मला राग आला आणि रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं.

अर्ध्या तासाने बाई बाहेर आल्या. "चार नंबर, सोमवारपासून या. बरोबरीच्या उमेदवाराबद्दल इतकं नेमकं आणि चांगलं दुसरं कोणी बोललं नाही." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "पाच नंबर, तुमचं थोडक्यात हुकलं. त्या टायने घात केला."

मी त्याला जिन्यात गाठलं.

"अभिनंदन," तो म्हणाला. अगदी मनापासून.

"टाय चांगला आहे? मी काय इतकी वाईट बोलले?"

"तुमचाच नंबर ओठांवर होता हो. पण बाई कारण विचारणार… आणि माझ्याकडे कारण एकच होतं. ते हॉस्पिटलच्या उपयोगाचं नव्हतं."

"मी मुद्दा मांडला होता की चांगला!"

"तो बाईंनी ऐकला. मी तुमच्याकडे बघत होतो."

मी पायरीवरच थबकले.

"मग तिथेच सांगायचं ना, वेड्या माणसा!" तोंडातून निघून गेलं.

"सगळ्यांसमोर?"

"आता आपण दोघंच आहोत…"

तो कठडा धरून उभा राहिला. माझ्यापेक्षा दोन पायऱ्या खाली, त्यामुळे डोळे अगदी समोरासमोर आले. मग त्याने सांगितलं – अडखळत, लाजत, पण सगळं. मीही सांगून टाकलं, मला तो आवडला होता.

नोकरी लागल्याचं घरी कळवायचं मला संध्याकाळपर्यंत आठवलंच नाही.