काठापलीकडची हवा

यंत्र तेच, माणसं तीच, ऊनही तेच. अकरा मजली इमारतीच्या गच्चीवर हेलिकॉप्टर कमरेइतक्या उंचीवर खुंटीला टांगल्यासारखं स्थिर उभं राहतं. मग पुढं सरकतं, गच्चीचा कठडा ओलांडतं आणि धोंड्यासारखं खाली जातं.

का?

या एका शब्दानं पद्मजा मेरगूची झोप उडवली होती. कंपनीनं उत्तर देऊन टाकलं होतं : वैमानिक चुकला. आणि तो वैमानिक, कॅप्टन नागेश मेरगू, म्हणजे पद्मजाचे वडील. ती त्यांना नाना म्हणायची.

गोष्ट पुढच्या काळातली आहे, पण फार पुढच्या नाही. सोलापूरच्या गिरण्या बंद पडून जमाना झाला होता, भोंगा मात्र परत सुरू झाला होता. पूर्वी तो माणसांना कामावर बोलवायचा, आता घरात पिटाळायचा. दुपारी भोंगा झाला की रस्ते ओस. त्या उन्हात बाहेर राहिलेला माणूस दवाखान्यातच सापडायचा. उडायची ती फक्त 'नभसेतू' कंपनीची हेलिकॉप्टरं. लातूर, विजयपूर, कलबुर्गी. एसटीसारख्या ठरलेल्या फेऱ्या. गार काचेआड बसायचं आणि भाजून निघणाऱ्या गावावरून पलीकडच्या शहरात उतरायचं. पैसेवाल्याला ऊन लागत नाही, असा कंपनीचा समज होता. हवेला मात्र तो कुणी कळवला नव्हता.

प्रत्येक यंत्रात 'सारथी' असायचा. सारथी म्हणजे बाईच्या गोड आवाजात बोलणारा संगणक. निघण्याआधी तो तरंगचाचणी घ्यायचा (हेलिकॉप्टर थोडं उचलून जागच्या जागी हवेत उभं राहतंय का, हे बघायची परीक्षा). उभं राहिलं की म्हणायचा, "चाचणी उत्तीर्ण. शुभयात्रा." त्यानंतर वैमानिकानं नाही म्हणायचं नाही. म्हणालाच, तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं.

त्या दुपारी सारथी शुभयात्रा म्हणाला. यंत्र कठड्यापलीकडं गेलं आणि एकदम खाली बसलं. समोर अर्धवट बांधलेला उड्डाणपूल होता. नानांनी कसंबसं वळवून ते जुन्या गिरणीच्या मैदानात आपटलं. बाकीचे वाचले. लातूरला लेकीकडे निघालेले बिराजदार काका वाचले नाहीत. नानांचे दोन्ही पाय मोडले.

कंपनीनं चित्रफीत गावभर दाखवली. बघा, गच्चीवर यंत्र किती छान उभं होतं. म्हणजे ताकद होती. आणि आता बघा, कठड्यापलीकडं वैमानिकानं यंत्राचं नाक खाली दाबलं. खेळ खलास. ते नाक खरंच खाली गेलेलं दिसायचं. शाळेत पोरं पद्मजाला 'पाडणाऱ्याची पोरगी' म्हणायला लागली. तिनं दोघांना बदडलं. पण फीत तिनंही पाहिली होती. घरी येऊन ती पलंगावरच्या नानांपुढं उभी राहिली.

"नाना, खरं सांग. नाक का खाली केलंस?"

"करावंच लागलं."

"पण का?"

"आधी यंत्र बसलं, मग मी नाक दाबलं... असं मला वाटायचं." नाना भिंतीकडे बघत बोलत होते. "पण त्यांनी इतक्यांदा दाखवलं ना बाळ, की आता माझ्याच हातांचा भरवसा नाही मला. सोमवारी चौकशी समितीपुढं सांगून टाकतो. चूक माझी."

नानांनी तसं सांगितलं की चौकशी संपणार होती. बंद पडलेल्या फेऱ्या दुसऱ्या दिवशी सुरू होणार होत्या. त्याच गच्चीवरून, त्याच उन्हात, त्याच चाचणीवर.

पद्मजा तडक बाहेर पडली. कोपऱ्यावर नभसेतूचा बोलका फलक होता, येणाऱ्याजाणाऱ्याला "या, ढगांत बसू या!" म्हणणारा. आकाशात ढगाचा पत्ता नव्हता. तिनं दगड उचलला आणि भिरकावला. तो फलकाच्या बाजूनं गेला.

"नेम चुकला," मागून आवाज आला. "डावीकडून वारा आहे. जरा डावीकडं मार."

कोपऱ्यावरच्या घराच्या फाटकात हत्तुरे अज्जी उभ्या होत्या. डॉक्टर महानंदा हत्तुरे. आयुष्यभर त्यांनी वातबोगद्यात काम केलं होतं (वातबोगदा म्हणजे विमानाची प्रतिकृती टांगून तिच्यावर वारा सोडायची मोठी नळी). हल्ली त्या नभसेतूला पत्रं लिहायच्या आणि उत्तर आलं नाही की गच्चीकडे बघून शिव्या द्यायच्या.

"आत ये की गं. उन्हात काय वाळत उभी राहतेस? सांडगा आहेस का?"

भोंगा झालाच होता. पद्मजा आत गेली आणि रडत रडत सगळं ओकून मोकळी झाली. अज्जींनी तिचे डोळे पुसले नाहीत. त्यांनी नातवाचा खेळण्यातला ड्रोन काढला, त्याच्या पाठीवर बाटलीचं झाकण चिकटवलं आणि शेंगदाण्याचा डबा पुढं सरकवला.

"भर. ड्रोन पुरा जोर लावून टेबलावर वीतभर तरंगेल, इतकेच दाणे भर."

पद्मजानं एकेक दाणा टाकला. ड्रोन कण्हायला लागला, पण टेबलावर वीतभर उंच टिकून राहिला.

"उत्तीर्ण?"

"उत्तीर्ण," पद्मजा पुटपुटली.

"मग जाऊ दे पुढं."

ड्रोन टेबलाच्या कडेपर्यंत गेला, कडा ओलांडली आणि खाली बसला. तेच दृश्य, तसंच! पण ड्रोन फरशीवर आपटला नाही. फरशीपासून वीतभरावर आला आणि परत तसाच कण्हत उभा राहिला.

"अज्जी! खाली जाऊन परत सावरला!"

"हं. आता डोकं चालव. जोर वाढवला का मी?"

"नाही."

"दाणे काढले?"

"नाही."

"मग वर आणि खाली काय होतं, जे मध्ये नव्हतं?"

पद्मजानं टेबलाकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. "खाली टेकायला काहीतरी... वर टेबल होतं, खाली फरशी. मध्ये नुसती हवा."

"शाबास. आता ऐक. हेलिकॉप्टर वर कसं राहतं? डोक्यावरची पाती हवा खाली ढकलतात, त्या बदल्यात हवा पात्यांना वर ढकलते. पण गोम अशी, की ढकललेली हवा खाली पळायला लागते आणि पात्यांना त्याच पळत्या हवेत काम करावं लागतं. मॉलमधला सरकता जिना बघितलास? खाली येणाऱ्या जिन्यावरून वर चढायला गेलीस कधी?"

"गेलेय. रखवालदारानं हाकलली."

"काय झालं चढताना?"

"पाय दुखेस्तोवर पळाले. तिथल्या तिथंच."

"पात्यांचं तेच होतं. हवा खाली सरकतेय आणि त्यांना तिच्यावर चढायचंय. आता खाली जमीन जवळ असली, तर पळणारी हवा जमिनीला अडते, बाजूला पसरते. म्हणजे जिना मंदावतो. कमी जोरात चढता येतं. याला म्हणतात भूमिप्रभाव (जमीन जवळ असल्यामुळं तरंगणं सोपं होणं). लोक हवेची उशी म्हणतात. खरी उशीबिशी काही नसते, पण म्हणू देत."

"आणि गच्ची ही जमीनच झाली," पद्मजा हळूच म्हणाली. "कठड्यापर्यंत."

"कठड्यापर्यंत! पुढं एकदम अकरा मजले खोल. जिना परत जोरात सुटला. त्यात हे ऊन. हवा तापली की तिचे कण लांब लांब जातात, हवा विरळ होते. पात्यांच्या हाताला कमी हवा लागते. इंजिनालाही श्वास कमी पडतो. राखून ठेवलेला जोरच नाही. मग काय होणार?"

"बसणार."

"ही तरंगचाचणी बनवली मैदानासाठी. मैदानात ती ठीक होती. उशी सरत नाही, जमिनीलगत पळत पळत वेग घ्यायचा आणि वर जायचं. या दीडशहाण्यांनी तीच चाचणी उचलून गच्चीवर नेली. एका जागी खरं बोलणारी परीक्षा दुसऱ्या जागी खोटं बोलते. पण ते तपासायला डोकं लागतं, आणि यांच्याकडं नुसता गोड आवाज."

पद्मजाला हसू आलं नाही. तिला अजून एक टोचत होतं. "पण नाक? नाक तर नानानंच खाली केलं."

"बसायला लागलेलं यंत्र वाचवायचा एकच उपाय असतो. नाक खाली, म्हणजे वेग पुढं. पुढं पळालं की स्वतः पाडलेली हवा मागं राहते, पात्यांना नवी, न हललेली हवा मिळते. जिन्यावरून उडी मारून बाजूच्या पक्क्या पायरीवर जावं तसं. नाक मागून खाली गेलं असेल, तर तुझ्या बापानं बरोबर तेच केलं. आधी गेलं असेल, तर कंपनी खरी."

"मग आधी काय झालं?"

"मला काय माहीत? मी होते का तिथं? फीत काढ."

दोघींनी फीत लावली. परत तेच : यंत्र पडद्याच्या मधोमध, मग नाक खाली, मग मैदानातली धूळ. अज्जींनी कपाळाला आठ्या घातल्या. पद्मजा पुन्हा पुन्हा बघत राहिली, अगदी हळू चालवून. यंत्र सारखं मधोमध कसं? तिच्या डोक्यात काहीतरी हललं.

"अज्जी, हा कॅमेरा आपोआप फिरणारा आहे. यंत्र जिकडं जाईल तिकडं तोंड वळवणारा."

"मग?"

"मग यंत्र खाली गेलं तर कॅमेराही खाली बघणार. यंत्र मधोमधच दिसणार! एसटीत बसल्यावर एसटी हलताना दिसत नाही, झाडं दिसतात. आपण झाडं बघायला पाहिजेत."

फितीत झाड नव्हतं. पण मागं एक पाण्याची टाकी होती आणि टाकीला लोखंडी शिडी. पद्मजानं यंत्राकडं बघणं सोडलं आणि शिडीवर बोट ठेवलं. कठडा ओलांडताच शिडीची एक पायरी वर सरकली. मग दुसरी. मग तिसरी. म्हणजे यंत्र खाली बसत होतं, आणि नाक अजून सरळ होतं.

चौथ्या पायरीला नाक खाली गेलं.

अज्जींनी फीत मागं नेऊन पायऱ्या पुन्हा मोजल्या. मग म्हणाल्या, "एवढी वर्षं मी वारा मोजला, आणि शिडी दिसली तुला. चल, तुझ्या बापाकडं."

ऊन कललं तशा दोघी निघाल्या. नानांनी ती फीत बघायला नकोच म्हटलं. पद्मजानं पडदा त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. "यंत्र बघू नको. शिडी बघ."

नानांनी शिडी बघितली. मग स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, कुणीतरी हरवलेले परत आणून दिल्यासारखे. आणि रडले. बिराजदारांसाठी, असं पद्मजाला वाटलं, कारण ते म्हणाले, "तो माणूस मात्र गेलाच गं."

सोमवारी नाना चाकाच्या खुर्चीतून समितीपुढं गेले आणि 'चूक माझी' म्हणाले नाहीत. त्यांनी शिडी दाखवली. कंपनीचा साहेब म्हणाला, "लहान मुलीच्या खेळावर हवाई वाहतूक चालत नाही."

अज्जी उठल्या. "मग मोठ्यांचा खेळ खेळू. तसंच यंत्र, माणसांऐवजी तेवढ्याच वजनाची वाळूची पोती, भर दुपार, आणि उघडं मैदान. गच्ची नको. कमरेइतकं उचला, मग सरळ वर न्या. गच्चीएवढं उंच गेलं, तर मी तुमची माफी मागते."

समितीच्या अध्यक्षबाईंनी ते मान्य केलं. भोंग्यानंतरच्या उन्हात ओली फडकी डोक्याला गुंडाळून सगळे गिरणीच्या मैदानाच्या कडेला उभे राहिले. यंत्र गरगरलं, धूळ उडाली. कमरेइतकं उचललं गेलं. स्थिर. सारथीचा आवाज कर्ण्यातून सगळ्यांना ऐकू येत होता.

"चाचणी उत्तीर्ण. शुभयात्रा."

वैमानिकानं यंत्र वर घेतलं. एक पुरुष उंची. दोन पुरुष. मग ते थरथरायला लागलं. पुरा जोर लावूनही वर जाईना. हळूहळू खाली आलं आणि कमरेइतक्या उंचीवर परत स्थिर झालं.

"चाचणी उत्तीर्ण. शुभयात्रा."

पुन्हा वर. पुन्हा खाली.

"चाचणी उत्तीर्ण. शुभयात्रा."

कुणी हसलं नाही. कडेला बिराजदारांची लेक उभी होती, लातूरहून आलेली. ती साहेबाकडे वळून म्हणाली, "हेच ऐकून माझे अण्णा बसले होते ना आत?"

साहेब रुमालानं तोंड पुसत राहिला.

दुपारच्या फेऱ्या बंद झाल्या. इतर वेळच्या फेऱ्यांसाठी नवा नियम आला : गच्चीवरून निघायचं, तर उशीच्या आधाराशिवाय तरंगता येईल इतकंच वजन घ्यायचं, आणि वैमानिक नाही म्हणाला तर नाही. एवढं साधं वाक्य लिहायला एक माणूस जावा लागला. कंपनीनं माफी मागितली नाही. नानांचे पाय पहिल्यासारखे होणार नव्हते. पुन्हा उडता येईल का, हे डॉक्टर सांगत नव्हते आणि नाना विचारत नव्हते.

नियम आला त्याच्या दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. पद्मजानं खिडकीतून पाहिलं. अकरा मजल्यांवर तसंच एक यंत्र उभं होतं, थांबलेली लांब पाती स्वतःच्या वजनानं टोकाशी किंचित वाकलेली. आवाज नव्हता. सोलापूरवर नुसतं पांढरं ऊन पसरलं होतं.

"नाना, पाती आणखी लांब केली तर? जास्त हवा धरतील, पण हळू ढकलतील. म्हणजे जिनाच हळू सरकेल. मग उन्हातसुद्धा..."

नानांनी पलंगावरून हात पात्यासारखा लांब केला. "पण लांब पाती जड होतात. वजनाचं काय करशील?"

पद्मजानं अज्जींकडून आणलेला ड्रोन आणि शेंगदाण्याचा डबा ओढला आणि पलंगाच्या काठावर बसली.

"तू करून सांग," ती म्हणाली. "तुझे हात कुठं मोडलेत?"