प्रेअरीवरची नॉर्वेजियन

मिहीरचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, तेव्हा आत सन १८७४ चालू होतं.

"आई गं!" तो कळवळला.

"लागलं का रे?" आतून आवाज आला.

मग दोघंही थिजले.

मिहीर थिजला, कारण मिनेसोटाच्या मोकळ्या माळावर, गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्या रचून बांधलेल्या अंधाऱ्या घरात, घोट्यापर्यंत झगा आणि रुंद काठाचं, हनुवटीखाली बांधायचं पांढरं बॉनेट घातलेली मुलगी त्याला मराठीत विचारत होती. आणि मुलगी थिजली, कारण तिने नुकताच नियम मोडला होता.

नियम साधा होता. हे पायोनियर म्युझियम होतं. दीडशे वर्षांपूर्वी प्रेअरीवर वस्तीला आलेली माणसं कशी जगली ते इथे पगारी माणसं जगून दाखवत. अंगावर झगा चढला की वर्ष १८७४. फोन माहीत नाही, वीज माहीत नाही. भूमिकेतून बाहेर आलेला माणूस त्याच दिवशी घरी जाई. गेल्या महिन्यात लोहार गेला होता. हातोडा पायावर पडल्यावर त्याने तोंडातून काढलेला शब्द १८७४ मधला नव्हता.

आणि सुपरवायझर डोरोथी मिहीरच्या अगदी मागेच उभी होती. सहा फूट उंच, निवृत्त शाळामास्तरीण.

"इंगा," तिने विचारलं, "तू आत्ता काय बोललीस?"

मुलीचं खरं नाव प्रीता. ईडन प्रेरी नावाच्या शहरात वाढलेली, इतिहासात एम.ए. केलेली. इथे मात्र ती इंगा होती, नॉर्वेहून एकटी आलेली, सरकारकडून जमीन मिळवलेली अविवाहित शेतकरीण. ती दिसायला नॉर्वेजियन नव्हती. पण मिनेसोटाचे लोक इतके सभ्य, की तसं कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

"नॉर्वेजियन, मॅडम," प्रीता म्हणाली.

डोरोथीचा चेहरा उजळला. "किती अस्सल वाटलं! रोज बोल. पाहुण्यांना फार आवडेल."

ती गेली. मिहीर कपाळ चोळत उभाच होता. खरं तर तो एका क्लायंटकडून परतताना रेस्टरूम शोधत इथे शिरला होता. ते तो आता विसरला होता.

"बाहेर जाऊन डावीकडे," प्रीता इंग्रजीत म्हणाली. इथे शिरणारे निम्मे लोक तेच शोधत येत. "तिथे एक… आधुनिक झोपडी आहे."

पुढच्या शनिवारी तो दोन तास गाडी चालवून परत आला. या वेळी रेस्टरूम शोधत नव्हता.

घरात पंधराएक पाहुणे दाटीने उभे होते. चुलीपाशी इंगा हात छातीशी धरून बोलत होती. आवाजात कंप, डोळे दूर कुठेतरी लागलेले.

"पाहुणे हो," ती शुद्ध मराठीत म्हणाली, "या टोपीत माझं डोकं उकडतंय. लाल शर्टवाल्या काकांनी चुलीला दोनदा हात लावून बघितला, आता तिसऱ्यांदा लावतील. आणि मला भूक लागली आहे. माझ्या डब्यात थालीपीठ आहे… पण तुम्ही जातच नाही आहात. बेसिकली—"

मागे मिहीरला जोरात खोकला आला.

पहिल्या रांगेतल्या एका आजींनी डोळे टिपले. लाल शर्टवाल्या काकांनी चुलीला हात लावून बघितला.

गर्दी निघून गेल्यावर मिहीर दोरीपाशी आला. दोरीच्या अलीकडे पाहुणे, पलीकडे इंगा. ती ओलांडायला मनाई होती.

"'बेसिकली' म्हणू नका," तो हळूच म्हणाला. "नॉर्वेत बेसिकली नसतं."

"मग काय म्हणू?"

"मुळात."

"मुळात," तिने घोळवून बघितलं. "आणि रूफला?"

"छप्पर."

"अजून आठवडाभर तरी ये हां तू. माझी नॉर्वेजियन फार वीक आहे."

"वीक नाही, कच्ची."

"बघ ना, किती गरज आहे!"

तो आठवडाभर नाही, उन्हाळाभर आला. दर शनिवारी. म्युझियमचं वार्षिक सभासदत्व घेतलं, त्यामुळे डोरोथी त्याच्याकडे फार आदराने बघू लागली. पाहुणे असले की तो इंग्रजीत प्रश्न विचारी, नसले की मराठीत. आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटावं म्हणून प्रीता प्रत्येक उत्तर डोळे माळाकडे लावूनच देई.

"इंगाबाई, टोळ आले होते म्हणे?"

"आले होते. आभाळ काळं झालं. आधी गहू खाल्ला, मग पडदे. मग फावड्याचा दांडा कुरतडला, घामाने खारट झाला होता म्हणून."

"बाप रे! आणि नवरा?"

"त्याला नाही खाल्लं." तिने एक क्षण त्याच्याकडे बघितलं, लगेच माळाकडे. "नवरा अजून मिळायचाय."

"एवढी जमीन आहे तरी?"

"एकशेसाठ एकर. पण सरकारची अट आहे ना… पाच वर्षं इथे राहून दाखवायचं. मग माझी."

"मला तीन वर्षं दिलीत सरकारने," मिहीर म्हणाला. "नीट राहून दाखवलं तर अजून तीन. आणि जमीन नाही, पासपोर्टवर नुसता शिक्का."

इंगाला हसायला परवानगी नव्हती. तिने तोंड बॉनेटच्या काठाआड लपवलं आणि खांदे हलू दिले. नुकतंच आत आलेल्या एका कुटुंबाला वाटलं ती रडते आहे. त्यांच्या आईने मुलांना दटावलं, "बघा, किती सोसलंय त्यांनी!"

सप्टेंबरात एका शनिवारी रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी थांबला. बाहेर थांबला. मातीच्या छपराने तो भरून घेतला होता आणि आता ते त्याला सावकाश घरात सोडत होतं. टप्… टप्… चिखलाचे थेंब टेबलावर, चुलीवर, इंगाच्या बॉनेटवर.

"असंच व्हायचं त्यांचं," प्रीता म्हणाली. तिने एक जुनी काळी छत्री उघडली होती. "बाहेर एक दिवस पाऊस, आत दोन दिवस. बाया छत्री धरून भाकऱ्या… म्हणजे पाव भाजायच्या. आणि वरून साप पडायचे."

"साप?" मिहीरने वर बघितलं.

"म्हणून ते कापड बांधलंय छपराखाली. घाबरलास?"

"छे. मी अमरावतीचा आहे. फक्त… त्या छत्रीत अजून एक माणूस मावतो का?"

पाहुणे कुणी नव्हते. डोरोथी कोंबड्यांकडे होती. प्रीताने छत्री दोरीवरून पलीकडे धरली, म्हणजे दोरी कुणीच ओलांडली नाही. दोघं अर्धे-अर्धे छत्रीत, अर्धे-अर्धे पावसात. एक थेंब मिहीरच्या नाकावर पडला. तिने ॲप्रनच्या टोकाने तो पुसला… आणि पुसून झाल्यावरही तिचा हात तिथेच राहिला.

"कॉफीला येशील?" तो म्हणाला. "बाहेर. एकविसाव्या शतकात."

ती आली. ईडन प्रेरीतल्या एका कॅफेत, बुधवारी संध्याकाळी. जीन्स, मोकळे केस. त्याच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग.

"पार्किंग मिळालं?" त्याने विचारलं.

"मिळालं. तुला?"

"मला पण."



मातीच्या घरात ज्यांचं बोलणं डोरोथीला घंटा वाजवून थांबवावं लागे, त्या दोघांना इथे वाक्य सुचेना. बॉनेट नव्हतं, दोरी नव्हती, आडून बोलायला १८७४ नव्हतं. जे बोलायचं ते आपलं स्वतःचंच बोलायला लागणार होतं. प्रीताने साखरेची तीन पाकिटं फाडली. ती साखर घेत नव्हती.

"ॲक्च्युअली," मिहीर म्हणाला, "मला ऑफिसवाले मॉरिसव्हिलला पाठवतायत. नॉर्थ कॅरोलायना. प्रमोशन आहे. सोमवारी, अकरा तारखेला सांगायचंय, हो की नाही."

प्रीताच्या मनात खूप काही आलं. त्यातलं ओठांवर आलं ते एवढंच : "ओह. दॅट्स ग्रेट."

"हो ना," तो म्हणाला. "ग्रेट."

घरी आई दाराशीच उभी होती. कांचनताईंना मुलीने शेणामातीत नोकरी करणं पसंत नव्हतं, पण शेणामातीत मुलगा सापडला असेल तर त्यांची हरकत नव्हती.

"कसा आहे गं?"

"१८७४ मध्ये छान आहे," प्रीता म्हणाली आणि वर निघून गेली.

दहा ऑक्टोबरला, रविवारी, म्युझियमचा हंगाम संपत होता. त्यानंतर मातीच्या घराला वसंतापर्यंत कुलूप. गवत पिवळं पडलं होतं आणि वाऱ्याला धार आली होती.

मिहीर आला होता. दाराच्या आत, मागच्या रांगेत. तो काय ठरवून आलाय ते त्याच्या चेहऱ्यावरून प्रीताला कळेना. विचारायला आजचा एकच दिवस होता, आणि एकच जागा. बाहेर त्या दोघांची काय अवस्था होते ते तिने बघितलं होतं.

आणि घर गच्च भरलेलं.

"आज आपल्याकडे खास पाहुणे आहेत," डोरोथीने जाहीर केलं. "पास्टर आर्ने. जन्म नॉर्वेतला! इंगाची नॉर्वेजियन ऐकायला मुद्दाम आलेत."

पहिल्या खुर्चीत नव्वदीचे एक धर्मगुरू काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी प्रेमाने मान हलवली.

मागे मिहीरचा चेहरा पांढरा झाला. त्याने दोन्ही हातांनी खुणा केल्या : इंग्रजीत बोल, इंग्रजीत!

इंग्रजीत बोलता आलं असतं. घसा बसलाय म्हणून सांगता आलं असतं. प्रीताने त्याचे हलणारे हात बघितले आणि तिच्या लक्षात आलं, की आज इंग्रजीत बोलली तर उद्या हा मॉरिसव्हिलला हो म्हणेल, आणि आपण पुन्हा एकदा ग्रेट म्हणू.

तिने हात छातीशी घेतले. डोळे माळाकडे.

"पहिला हिवाळा मी एकटीने काढला," ती मराठीत म्हणाली. "बोलायला कुणी नव्हतं, म्हणून चुलीशी बोलायचे. चूल फार ऐकून घेते, पण… उत्तर देत नाही. मग एक माणूस यायला लागला. मी काय बोलते ते इथे कुणालाच कळत नाही, त्याला कळतं. त्या दिवशी मी त्याला 'ग्रेट' म्हटलं. ते खोटं होतं. जाऊ नको असं मी म्हणणार नाही, नोकरी त्याची आहे. पण तो गेला तर मला आवडणार नाही. मुळीच आवडणार नाही. कारण तो मला आवडतो… हे बाहेर सांगायला मला जमलं नाही, म्हणून इथे सांगते आहे. आणि हे आजोबा खरे नॉर्वेचे आहेत, तेव्हा आता मला इथून काढतील. तू काय बोलायचंय ते पटकन बोल."

डोरोथी अभिमानाने पास्टरांकडे वळली.

"एक अक्षर कळलं नाही," पास्टर म्हणाले.

डोरोथीचं हसू मावळलं.

"म्हणजे डोंगरापलीकडच्या खोऱ्यातली आहे ही," पास्टरांनी रुमाल काढला. "माझी बायको तिथलीच. उभा जन्म संसार केला, पण ती मनापासून बोलायला लागली की मला असंच काही कळायचं नाही." त्यांनी डोळे पुसले. "आणि तिचा चेहरा अगदी असा व्हायचा. पोरी, तू ज्याच्याशी बोललीस त्याने उत्तर द्यायला हवं."

डोरोथीने सुटकेचा श्वास टाकला. "कुणाला काही प्रश्न?"

मागे एक हात वर झाला.

"आमचे सभासद," डोरोथी कौतुकाने म्हणाली. "विचारा."

मिहीरने घसा खाकरला. इंग्रजीत, सगळ्यांसमोर, त्याने विचारलं, "समजा तुमच्या शेजारच्या माणसाला दक्षिणेत जमीन मिळते आहे. ऊबदार हवा, चांगली माती. तरी तो नाही म्हणून इथेच राहिला, तर?"

"तर तो मूर्ख," इंगा म्हणाली.

पाहुणे हसले.

"पण मूर्ख माणूस हिवाळ्यात काही कामाचा असतो का?"

प्रीताने जमिनीकडे बोट दाखवलं. तिथे वाळल्या गवताचा ढीग होता. माळावर झाड नाही, त्यामुळे लाकूड नाही. ते लोक गवत पिळून त्याच्या जुड्या करत आणि त्याच जाळत. आजचं प्रात्यक्षिक तेच होतं.

"जळण करता येत असेल तर," ती म्हणाली. आवाज आता इंगाचा राहिला नव्हता.

मिहीर गर्दीतून पुढे आला आणि त्याने दोरी ओलांडली. डोरोथीने तोंड उघडलं. पास्टरांनी काठी आडवी धरली. ऑफिसच्या चांगल्या पॅंटसकट तो मातीत बसला, मूठभर गवत घेतलं आणि पिळायला लागला. पहिली जुडी लगेच सुटली.

"उद्या सकाळी त्यांना नाही म्हणून टाकतो," तो मान खाली घालून मराठीत म्हणाला. "कालच ठरवलं होतं. सांगायला जमत नव्हतं. तू पण मला आवडतेस… फार."

"मग कालच का नाही आलास?"

"तीनदा गाडी काढली. तीनदा परत लावली." दुसरी जुडीही सुटली. "पण प्रीता, उद्यापासून इथे कुलूप. आणि बाहेर आपल्याला बोलता येत नाही."

ती त्याच्यासमोर मातीत बसली. झगा धुळीत, आणि पंधरा फोन त्यांच्याकडे रोखलेले.

"अख्खा हिवाळा आहे की शिकायला," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातून सुटणाऱ्या गवताचं दुसरं टोक तिने घट्ट धरलं. "पीळ."