टकटक ऐकून जमलेली मंडळी

तिला दिसत नव्हतं, तेव्हा नेम धरून मारली असं म्हणता येणार नाही. पण आवाजाच्या दिशेने तिने जीव खाऊन काठी हाणली, आणि ती बरोब्बर लागली. भुंकणं मात्र थांबलं नाही, आणि ज्याला लागली तो माणसासारखा कळवळला.

"कुत्री डावीकडे आहेत," तो म्हणाला. "ही माझी नडगी आहे."

"मग नडगी मध्ये कशाला आणलीत?"

"तुम्हाला वाचवायला."

आवाज तरुण होता, जरा घोगरा, आणि इतकं लागूनही त्यात हसू होतं. ग्रंथालयाच्या पायऱ्यांपुढे कुत्री आपल्याभोवती कडं करून भुंकतायत, पडून कोपर सोलवटलंय आणि या गृहस्थाला हसू येतंय! त्याने नुसतं "चला रे, जा" म्हटलं आणि कुत्री निमूट गेली, तेव्हा तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ती तुमचं ऐकतात?"

"मी त्यांना खायला घालतो ना."

"कुठे?"

तो जरा घुटमळला. "इथेच... पायऱ्यांवर. वर छप्पर आहे म्हणून."

झालं! गुन्हेगार आपण होऊन कोर्टात हजर. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि सगळं आवार तिला वकीलबाई म्हणायचं ते काही उगाच नाही. जिथे खायला मिळतं तिथे कुत्र्यांचं राज्य, आणि त्या राज्यातून काठी आपटत जायचं म्हणजे लढाईच. डोळसांना वळसा घालून जाता येतं. तिला मात्र हीच वाट पाठ होती, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या तिच्या मैत्रिणीला उतार असलेली हीच एक वाट होती. हे सगळं तिने त्याला तिथल्या तिथे सुनावलं.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. इतक्या लवकर कबुली मिळाली की तिचं निम्मं भाषण पोटातच राहिलं.

आता खरी गोची पुढेच होती. सोलवटलेल्या कोपराची बातमी बाबांपर्यंत पोचली. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, शब्दाला पक्के. "शनिवारी येतो," ते फोनवर म्हणाले. "वसतिगृहापासून वर्गापर्यंत एकटी नीट चालून दाखव. नाही जमलं तर सामान बांध, अभ्यास घरून कर." घरून म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. आईच्या मायेत आणि शेजारणींच्या हळहळीत वकिली बुडायला वर्ष लागलं नसतं.

कुत्रेवाला, म्हणजे तोच, मानसशास्त्राचा विद्यार्थी निघाला. "त्यांना तुमची काठी मारायची वाटते," तो म्हणाला. "ती भीती घालवायला हवी."

"ते काम माझं नाही. मी रस्त्याने चालायचं आणि परीक्षा द्यायची. कुत्र्यांची समजूत काढणं माझ्या अभ्यासक्रमात नाही."

"माझ्यात आहे. तुमची एखादी जुनी काठी द्या फक्त."

तिने दिली. का दिली, असं विचारलं असतं तर ती काहीतरी कायद्याचं बोलली असती. खरं कारण एवढंच, की तो घोगरा आवाज तिला पुन्हा ऐकायचा होता.

त्या दिवसापासून त्याने खाणं पायऱ्यांवरून हलवलं आणि काठी टकटक वाजवत आवारभर हिंडायला लागला. संध्याकाळी बाकावर बसून तिला अहवाल द्यायचा. "आज एका दयाळू प्राध्यापिकेने मला आंधळा समजून माझा दंड धरला आणि थेट मुलींच्या वसतिगृहात नेऊन सोडलं."

"मग?"

"मग वॉर्डनबाईंनी तितक्याच दयाळूपणे बाहेर काढलं." तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "विचारत नाहीत हो. सरळ ओढतात."

"तिसरीपासून ओढतायत मला."

"मग... कसं विचारायचं असतं?"

"कोपर पुढे करायचं. धरायचं की नाही, ते मी ठरवणार."

बाक करकरला. "केलंत का पुढे?" तिने विचारलं.

"केव्हाच."

"आज नको," ती म्हणाली, आणि गालांना एकाएकी का चटका बसला ते तिला कळेना.

शनिवारी बाबा आले. तिने दारातच काठी टेकवली, टकटक... टकटक. भुंकणं नाही. तिचा जीव भांड्यात पडला. दहा पावलं गेली असेल नसेल, मागून नखांची खरखर सुरू झाली. मग धापा. मग तळहाताला एक ओलं नाक लागलं.

"बाबा, किती आहेत?"

"मोजवत नाहीत," बाबा म्हणाले.

आवारातली यच्चयावत कुत्री शेपट्या हलवत तिच्या मागे निघाली होती. पोरं वाट सोडून हसत उभी राहिली. त्यात एक लाडकं कुत्रं नेमकं तिच्या पायापुढे बसलं, ती अडखळली आणि बाबांनी सावरलं म्हणून वाचली.

तेवढ्यात तो धावत आला. "भुंकली नाहीत ना?" मोठ्या ऐटीत विचारलं, आणि मग समोरचा देखावा दिसला असावा, कारण तो नुसतं ‘अरे देवा!’ पुटपुटला.

"काठी वाजवून तुम्ही नक्की काय केलंत?" तिने विचारलं.

"टकटक केली की... बिस्किट."

"आवाज, खाणं आणि कुत्रा. हा धडा तुम्हाला पहिल्याच वर्षी असतो ना?"

"असतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "त्यात मला चांगले गुण पडले होते."

"बाळ, सामान बांध," बाबा म्हणाले.

"काका, चूक माझी आहे. यांना रोज वर्गापर्यंत मी सोडतो. म्हणाल तर जन्मभर..." तो एकदम थांबला.

ते ‘जन्मभर’ तिला आवडलं, आणि त्यामुळे ती आणखीच चिडली. "मला सोबत नकोय, रस्ता हवाय. सोबतच हवी असती तर घर काय वाईट होतं?" मग ती बाबांकडे वळली. "बाबा, मला पडायची भीती नाही वाटत. घरी बसायची वाटते. फार वाटते हो."

बाबांनी घसा साफ केला. "मंगळवारपर्यंत थांबतो," ते म्हणाले.

मग दोन दिवस तिने आणि कुत्रेवाल्याने मिळून कुत्र्यांना शिकवलेलं विसरवलं. ती काठी वाजवायची आणि कुणालाही काही द्यायची नाही. मैदानापलीकडे, कार्यशाळेच्या मागे, तो कॅन्टीनमधून मागून आणलेली पत्र्याची थाळी बडवायचा आणि तिथे मेजवानी असायची. कुत्री व्यवहाराला पक्की. काठीत काही राम नाही, हे त्यांनी चटकन ओळखलं.

मंगळवारी लांबून थाळी वाजली आणि सगळी फौज तिकडे उधळली. रस्ता मोकळा झाला. ती निघाली. पायऱ्या, उतार, वळण, वर्गाचं दार. मागे अंतर ठेवून चालणाऱ्या बाबांनी नाक शिंकरलं.

"रडताय का?"

"सर्दी आहे," बाबा म्हणाले. "जा वर्गात. मी माझा जातो घरी."

पण ती वर्गात गेली नाही. तिकडे थाळी वाजतच होती. ही पोचल्याचं त्या बिचाऱ्याला कुणी कळवलंच नव्हतं. ती वळली, आणि कधीही न चाललेल्या मैदानातून त्या आवाजाकडे चालायला लागली. एकदा खड्ड्यात पाय गेला, एकदा फुटबॉलच्या गोलच्या खांबाला धडकली, पण पोचली.

"पुरे आता. पोचले मी."

थाळी थांबली. "इकडची वाट तुम्हाला कुठे माहीत आहे?"

"वाजत होती ना थाळी. तुमची शिकवणी लागू पडली." तिने श्वास घेतला. "त्या दिवशी जन्मभर म्हणालात. ते वाक्य पुरं करा."

"तुम्हीच म्हणालात, सोबत नको..."

"लागते म्हणून नको. आवडते म्हणून असेल तर – ते कलम वेगळं आहे."

काहीच ऐकू येईना. नुसती कुत्र्यांची मचमच.

"मान हलवतोयस का?" तिने विचारलं.

"हो."

"मला दिसत नाही रे. तोंडाने बोल."

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "फार. जन्मभर पुरेल इतकी."

तिने चाचपून त्याचा हात शोधला. तो बिस्किटांच्या चुऱ्याने माखलेला होता, आणि एक कुत्रं तो चाटायला आधीच पुढे आलं होतं. तिने कुत्र्याला कोपराने बाजूला सारलं आणि तो हात घट्ट धरून ठेवला.