बुधवारचा पाळणा

“ओरडून उपयोग नाही हो. काच दुहेरी आहे. आणि वर तिसरा मजला!”

मागून आवाज आला तशी ग्रीत दचकून वळली. वृद्धाश्रमाच्या हिरवळीवर उभी राहून गेली दहा मिनिटं ती वर बघत ‘आई… आई…’ करत होती. खिडकीत आईचं पांढरंशुभ्र डोकं दिसत होतं खरं, पण ते समुद्राकडे वळलेलं. खाली लेक घसा फोडतेय याचा तिला पत्ताच नव्हता.

मागे एक उंच माणूस उभा होता — चांगला पाच-सहा पावलं दूर. निळा डगला, तोंडावर मास्क. त्याच्या पाठीशी क्रेनची गाडी होती आणि क्रेनच्या टोकाला माणसं उभी राहतील असा लोखंडी पाळणा. समुद्रकाठच्या ऑस्टेंड शहरात असल्या गाड्या सगळ्यांच्या ओळखीच्या. इथल्या घरांचे जिने इतके अरुंद, की कपाट असो नाहीतर पियानो, सगळं खिडकीतूनच आतबाहेर करायचं.

“मग काय करू?” ग्रीत चिडून म्हणाली. “आत सोडत नाहीत. मी आणलेली केळीसुद्धा दारातच ठेवून घेतली.”

“आतून कोण म्हणतंय? बाहेरून चला ना.” त्यानं अंगठ्यानं पाळण्याकडे खूण केली. “आजपासून दर बुधवारी आम्ही येणार. वरच्या मजल्यांवरच्या माणसांना भेटायचं असेल त्यांना वीस-वीस मिनिटं. तसंही सध्या कुणी घर बदलत नाही, गाडी नुसतीच उभी असते. तुमचा नंबर पहिला. उंचीची भीती वाटते?”

“खूप.”

“मलाही वाटायची. या, त्या कोपऱ्यात उभ्या राहा. मी या कोपऱ्यात, बटणं माझ्याकडे. खाली बघायचं नाही. माझ्याकडे बघा.”

“तुमचे नुसते डोळे तर दिसतायत!”

“मग तेवढ्यावर भागवा…”

२०२०चा एप्रिल होता तो. शहरातली हॉटेलं बंद, शाळा बंद, समुद्रकिनारा मोकळा. ग्रीत ज्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची तेही बंद. चौतिसाव्या वर्षी ती एकटीच एका खोलीच्या घरात बसून होती, आणि कधीकधी दोन-दोन दिवस तिच्या तोंडून शब्द निघत नसे.

आईशी तरी कुठे बोलणं होतं म्हणा! सिमोन पन्नास वर्षं बंदरावर मासे विकत आली होती. तिच्या तोंडापुढे भले भले कोळी गप्प बसायचे. दोन वर्षांपूर्वी ती पडली, कंबरेचं हाड मोडलं, आणि ग्रीतनं तिला या वृद्धाश्रमात आणून ठेवलं. ‘टाकलंस मला,’ असं आई म्हणाली ती म्हणालीच. तेव्हापासून ग्रीत महिन्यातून एकदा यायची, पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसायची आणि निघून जायची. भेटायला बंदी आली तेव्हा पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. तिसऱ्या आठवड्यात मात्र काय झालं कोण जाणे… सकाळी उठली आणि चालत इथवर आली.

पाळणा हलकेच वर चढला. ग्रीतनं कठडा घट्ट धरला. समोरच्या दोन करड्या डोळ्यांकडे ती बघत राहिली — एकदम जवळ खिडकी आली, आणि खिडकीत आई!

सिमोन खुर्चीतच एवढी दचकली, की नर्स धावत आली. आणि मग ती हसायला लागली. तोंडावर हात ठेवून, खांदे गदगदवत. आईला असं हसताना ग्रीतनं शेवटचं कधी पाहिलं होतं? तिला आठवेना.

काचेतून काहीच ऐकू येत नव्हतं. नर्सनं वही आणि जाड पेन आणून दिलं. आईनं मोठ्या अक्षरांत लिहून वही काचेला टेकवली: ‘केस काय केलेस?’

ग्रीतनं स्वतःचे केस स्वतःच कापले होते. वाकडेतिकडे. ती हसता हसता रडायला लागली.

शेजारच्या कोपऱ्यातला माणूस पाठ फिरवून समुद्राकडे बघत उभा होता.

त्याचं नाव वानेस. दुसऱ्या बुधवारी समजलं. तिसऱ्या बुधवारी ग्रीत त्याला म्हणाली, “तुमच्या डाव्या डोळ्याला नंबर आहे.”

“काहीतरीच!”

“लांबचं बघताना मिचकावता तुम्ही. मला वाटलं, मला डोळा मारताय.”

“मग… दोन्ही शक्य आहे ना?”

मास्कच्या आड तिचे गाल तापले. बरं झालं मास्क होता!

आईबरोबरचे ते वीस मिनिटांचे कागद म्हणजे एक नवलच होतं. कागदावर टोमणे मारायला जागा पुरत नाही. शिवाय सिमोनचा हात थरथरायचा, त्यामुळे प्रत्येक शब्द मोजून लिहावा लागायचा. चौतीस वर्षांत जे आई कधी बोलली नव्हती, ते चार-चार शब्दांत काचेवर येऊ लागलं. ‘तुझ्या बापाला तुझं हसू आवडायचं.’ ‘इथं सूप चांगलं असतं.’ आणि एकदा, बराच वेळ पेन नुसतंच धरून बसल्यावर — ‘टाकलं नाहीस. कळतं मला.’

त्या बुधवारी खाली उतरल्यावर ग्रीत गाडीशीच थांबली. वानेसनं थर्मासमधली कॉफी ओतली, कप गाडीच्या पायरीवर ठेवला आणि पाच पावलं मागे सरकला. ती पायरीवर बसून कॉफी पीत राहिली.

चौथ्या बुधवारी सिमोननं लेकीच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि लिहिलं: ‘हा कोण?’

‘क्रेन चालवतो.’ ग्रीतनं आपल्या जवळच्या कागदावर लिहून दाखवलं.

‘ते दिसतंय. लग्न झालंय का?’

ग्रीतनं आईची वही झाकायचा प्रयत्न केला, पण वही काचेच्या पलीकडे! वानेस नेमका त्याच वेळी वळला. त्यानं वाचलं. मग ग्रीतच्या हातातलं पेन खुणेनं मागितलं, तिनं ते कठड्यावर ठेवलं, आणि त्यानं आपल्या तळहातावर लिहून हात काचेला लावला: ‘नाही.’

सिमोननं मान डोलावली. मासा ताजा निघाला की डोलवायची तशी.

खाली येता येता तो एकदम म्हणाला, “घराबाहेरच्या एका माणसाबरोबर फिरायला परवानगी आहे ना… म्हणजे एकाच. रोज तोच हवा. तुमचा तो एक माणूस… ठरलाय का?”

“आधी भाऊ होता मनात,” ग्रीत म्हणाली. “पण तो ब्रुसेल्सला राहतो.”

“लांब आहे.”

“खूपच लांब.”

मग ते दोघं रोज दुपारी किनाऱ्यावरच्या बंधाऱ्यावरून चालू लागले. मध्ये दीड मीटर अंतर. उन्हाळी गर्दी नाही, आइस्क्रीमच्या गाड्या नाहीत, मैलभर रिकामी वाळू आणि तिच्यावर मालकी सांगणारे सीगल पक्षी. अंतर असल्यामुळे जरा मोठ्यानं बोलावं लागे, आणि मोठ्यानं बोलायचं म्हणून खोटं बोलता येत नसे. वानेसनं सांगितलं, की त्याची बायको होणार होती ती तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याबरोबर गेली. तिचं सामान खिडकीतून त्यानंच उतरवून दिलं.

“वेडा आहात का तुम्ही?”

“आरसा होता मोठा. दुसऱ्या कुणी फोडला असता…”

ग्रीत इतकी हसली, की तिचा मास्क निसटून वाऱ्यानं उडाला आणि दोघं त्याच्यामागे वाळूत धावले. एकमेकांना हात न लावता. त्या दिवशी घरी येऊन ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण सुखात आहोत. बातम्यांमध्ये रोज मेलेल्यांचे आकडे सांगत होते, आणि आपण सुखात आहोत. तिला स्वतःची लाज वाटली. पण सुख काही हटलं नाही.

मग तिसऱ्या मजल्यावर साथ शिरली.

शुक्रवारी सकाळी नर्सचा फोन आला. सिमोनला ताप होता, श्वास लागत होता. मजला बंद केला होता. अंगावर घालायचे सूट नर्सनाच पुरत नव्हते, घरच्यांना कुठून देणार? “आजचा दिवस…” नर्स म्हणाली.

ग्रीतनं वानेसला फोन केला. अर्ध्या तासात क्रेन हिरवळीवर उभी होती.

आणि वारा सुटलेला होता. समुद्रावरून येणारा, वाळू उडवणारा, उभ्या माणसाला ढकलणारा वारा. वानेस गाडीजवळ उभा राहून हातातल्या वारा मोजायच्या यंत्राकडे बघत होता. वाऱ्याचा वेग ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या वर असला तर पाळणा उचलायचा नसतो. काटा साठवर होता.

“चल,” ग्रीत पाळण्यात चढून म्हणाली.

“उतर खाली.”

“वानेस, ती मरतेय.”

“माहितीय मला. उतर, ग्रीत. या वाऱ्यात पाळणा भिंतीवर आपटेल. मी तुला वर नेणार नाही.”

आजवरच्या ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं ते असं. तिच्या ते लक्षातही आलं नाही. ती ओरडली, रडली, त्याच्या छातीवर तिनं मुठी मारल्या — पहिल्यांदा हात लागला त्याला, तोही असा. “भित्रा आहेस तू! ती तुला सोडून गेली तेव्हाही नुसता बघत राहिलास, आताही नुसता बघत राहा!”

त्यानं पाळण्याची किल्ली खिशात घातली.

वारा पडायची वाट बघत ते दुपारभर थांबले. ती भिंतीशी, गुडघ्यात डोकं घालून. तो गाडीशी. साडेचारला तिसऱ्या मजल्यावरची नर्स खिडकीत आली, आणि खाली बघून तिनं हळूच मान हलवली.

सहा वाजता वारा पडला. वानेसनं तिला वर नेलं. नर्सनं पलंग खिडकीशी ओढून ठेवला होता. आईचं तोंड जरासं उघडं होतं, काहीतरी सुनवायचं राहून गेल्यासारखं. ग्रीत काचेला कपाळ टेकवून उभी राहिली. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. वानेसनं वेळ बघितली नाही.

अंत्यविधीला पंधरा माणसांना परवानगी होती. खुर्च्या दूर दूर मांडलेल्या, कुणी कुणाला जवळ घ्यायचं नाही. वानेस फाटकाबाहेर उभा होता. ग्रीत त्याच्यासमोरून न थांबता निघून गेली. मग त्याचे फोन वाजत राहिले, आणि एके दिवशी वाजायचे थांबले.

जूनच्या शेवटी दुकानं उघडली होती, लोक पुन्हा कॉफी प्यायला बसत होते. ग्रीत कामावरून येत असताना एका गल्लीत तिला ती क्रेन दिसली. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून एक जुनं कपाट उतरत होतं. खाली वानेस. किती वाळला होता तो! मास्क हनुवटीखाली ओढलेला, दाढी वाढलेली.

तिला बघून त्यानं कपाट आधी नीट जमिनीवर टेकवलं. मगच वळला.

“कुणी घर बदलतंय?” ग्रीतनं विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

“नाही. म्हातारे होते, गेले. या उन्हाळ्यात सगळी अशीच कामं आहेत.” तो थांबला. “ग्रीत, तुला एक सांगायचं होतं. फोनवर सांगता आलं नसतं.”

“सांग.”

“त्या दिवशी… पावणेचारला वारा पडला होता. बेचाळीसवर आला होता. दहा मिनिटं तसाच होता. नियमानं नेता आलं असतं तुला. तू मान खाली घालून बसली होतीस. मी काटा बघितला… आणि यंत्र खिशात टाकलं.”

गल्लीच्या टोकाला कुणाचं तरी मूल सायकलची घंटी वाजवत होतं.

“का?” तिनं विचारलं.

“मध्येच झोत आला असता तर? तू तुझ्या आईचा निरोप घ्यावास, यापेक्षा तू जिवंत असावीस, हे मला जास्त हवं होतं. तुझ्या वतीनं मी ठरवून टाकलं. मला काही हक्क नव्हता.” त्यानं डोळे पुसले नाहीत. “प्रेम आहे माझं तुझ्यावर. पण ते असलं आहे. तुला आधी माहीत असायला हवं.”

“हे सांगायलाच नको होतंस मला.”

“मग तुझ्याजवळ उभं राहता आलं नसतं.”

ती वळली आणि चालू लागली. त्यानं हाक मारली नाही.

थांब्यावर ट्राम आली. ग्रीत चढली नाही. पावणेचार… पावणेचारला आई शुद्धीवर होती का? हातात पेन धरू शकली असती का? आता हे तिला कोण सांगणार? दुसरी ट्राम आली, गेली. ती रोगराई आली नसती तर आईचं ते हसू तिला कधी दिसलं नसतं, आणि हा माणूसही भेटला नसता. त्या वसंतानं जे जे दिलं, त्यातलं काहीच त्याच्या मरणांपासून वेगळं काढून घरी नेता येत नव्हतं. घ्यायचं तर सगळंच घ्यायचं. नाहीतर काहीच नाही.

तिसरी ट्राम आली तेव्हा ती थांब्यावर नव्हती.

वानेस फुटपाथच्या कडेला बसला होता, त्या परक्या म्हाताऱ्यांच्या कपाटाला पाठ टेकून. ती समोर येऊन उभी राहिली तरी त्यानं मान वर केली नाही.

“मी माफ केलेलं नाही,” ग्रीत म्हणाली.

“माहितीय.”

“कदाचित कधीच करणार नाही.”

“माहितीय मला.”

ती त्याच्या शेजारी बसली. दीड मीटर सोडून नव्हे, खांद्याला खांदा लागेल अशी.

मग ती म्हणाली, “जेवलास का?”

त्यानं मान हलवली — नाही. आणि ओंजळीत तोंड लपवून तो लहान मुलासारखा रडू लागला.