अंगठ्याला बांधलेला दोरा

"बोमच्या आई, त्याच्या तोंडाकडे बघ गं... एका बाजूनं ओघळल्यासारखं दिसतंय. एकशे एकोणीसला फोन कर, दवाखान्याची गाडी बोलाव!"

सेयॉनच्या सासूबाई, मालसुनबाई, हे म्हणाल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल तिखटात माखलेले होते. वर्षाची किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालण्याचा दिवस होता तो. अंगणात खारवलेल्या कोबीचा ढीग, चार वर्षांची बोम पातीच्या कांद्याशी खेळत बसलेली, आणि भिंतीला टेकून त्यांचा मुलगा ग्युहो... ओकून ओकून पांढराफटक पडलेला. आणि त्याची बायको सेयॉन, शिकलेली, वाचनालयात नोकरी केलेली, लेक नुसती शिंकली तरी थर्मामीटर शोधत सुटणारी सेयॉन, त्या एका क्षणी नेमकी हसली!

"अहो आई, उकडलेल्या डुकराच्या मटणावर दोन वाडगे कालवं कोण रिचवतं? अजीर्ण झालंय त्यांना. यावरचं औषध तुम्हीच तर शिकवलंत मला!"

तिनं त्याचा डावा हात खांद्यापासून खाली चोळत आणला, अंगठ्याला दोरा करकचून आवळला, सुई ज्योतीवर धरली आणि नखाच्या मुळाशी टोचली. काळसर रक्ताचा थेंब वर आला. "बघा, काळं आलं! आता मोकळं वाटेल," ती विजयानं म्हणाली. थोंगयंगसारख्या किनाऱ्यावरच्या गावात पोट धरलं की घरोघरी सुईच निघते. सासूबाईंनी पुन्हा कोबीत हात घातले. ग्युहोला पांघरूण घालून निजवलं गेलं.

तीन तास!

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी त्याचा लुळा हात उचलला, अंगठ्यावरचा दोऱ्याचा निळा वळ पाहिला आणि त्यांचा स्वर चढला. "हे कुणी केलं? मेंदूत गुठळी अडकलीय यांच्या, आणि तुम्ही घरी सुया टोचत बसलात? तीन तास आधी आणलं असतं तर..."

सेयॉनसमोर तिची थोरली नणंद मिग्यंग उभी होती, डोळ्यांत अंगार घेऊन. आणि तेवढ्यात मागून एक थकलेला, शांत आवाज आला.

"मी टोचली. बोमची आई नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही."

"आई!" मिग्यंग किंचाळली. "सत्तरी आली तरी तुझं हे जुनाट वेड जात नाही? पोटच्या पोराचा हात घालवलास तू!"

मालसुनबाईंनी मान खाली घातली. सेयॉननं तोंड उघडलं... आणि मिटलं. पुढे बोलू, ते शुद्धीवर येऊ देत, मग बोलू, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला किती सहज समजावतो!

ग्युहो शुद्धीवर आला, अडखळत बोलूही लागला. पण आईकडे पाहीना. पहाटे चारपासून कालवं फोडण्याच्या शेडमध्ये सुरी चालवून मालसुनबाई दुपारच्या बसनं यायच्या, खिडकीकडच्या स्टुलावर बसायच्या आणि त्याचा मेलेला डावा हात मांडीवर घेऊन चोळत राहायच्या. "ग्युहो, बाळा..." अशी हाक त्यांनी मारली की तो तोंड फिरवायचा! सरळ उजवीकडे, जिथे सेयॉनची बुटकी खाट होती. जेवणाचं ताट यायचं, रीतीप्रमाणे भात डावीकडे, रस्सा उजवीकडे. तो रस्सा संपवायचा, पण भाताला शिवायचा नाही, आणि भाताशेजारी आईनं आणून ठेवलेल्या किमचीला तर नाहीच.

"तुझ्या हातचं खाणार नाही तो आता," मिग्यंग एकदा म्हणाली. "त्याची काय चूक?"

मालसुनबाईंनी डबा निमूटपणे बंद केला. आणि सेयॉन? तिच्या काळजाच्या तळाशी एक घाणेरडी निश्चिंतता बसली होती... राग त्यांच्यावर आहे. माझ्यावर नाही. कधी वाटे, त्यांना विचारावं, आईवर का रुसलात? पण विचारलं तर सुईचा विषय निघेल, आणि सुई निघाली की... नको!

एकविसाव्या दिवशी तिथून सुट्टी झाली. आता छांगवॉनच्या पुनर्वसन रुग्णालयात न्यायचं होतं, सहा महिने, आणि तिथे घरचं एक माणूस रात्रंदिवस हवं होतं. एकवीस दिवस शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या बोमला आणखी टाकून सेयॉन राहणार कशी? मालसुनबाई सामानाच्या पिशव्या उचलायला छांगवॉनपर्यंत सोबत आल्या होत्या. नव्या वॉर्डच्या दारातच त्यांनी त्या ठेवल्या.

"मी राहिले असते गं. कालवांचं काय, दुसऱ्या बाया फोडतील. पण त्याला माझं तोंड नको आहे. आजारी माणसाचा जीव कशाला जाळायचा? चारची बस आहे, जाते मी."

"आई, निदान काही खाऊन..."

"भूक नाही." त्या गेल्यासुद्धा. जाकिटात अंग किती आटलं होतं त्यांचं! एकवीस दिवसांत या बाईला कुणी एकदा तरी विचारलं होतं का, जेवलात का म्हणून?

दाखल करताच ग्युहोची तपासणी झाली. तिथल्या बांगबाई नावाच्या पोक्त प्रशिक्षिकेनं त्याच्यापुढे कागद ठेवला. "एक फूल काढा बघू." त्यानं मन लावून काढलं. देठ, मधला गोल, पाकळ्या... सगळ्या उजवीकडे. डावी बाजू कोरी!

"झालं पूर्ण?"

"हो. झालं की."

बांगबाई सेयॉनकडे वळल्या. "यांच्यासाठी डावी बाजू या जगात नाहीच आहे. डोळे चांगले आहेत, पण मेंदू तिकडे लक्षच देत नाही. डावीकडून हाक मारलीत तर ते उजवीकडे शोधतात. जेवताना अर्धं ताट राहत असेल ना? मला सांगा, डावीकडे बसणारं कुणी होतं का?"

सेयॉनला सगळं आठवलं. खिडकीकडचं स्टूल... भाताची वाटी... आणि उजवीकडे वळणारी ती मान! तो तोंड फिरवत नव्हता. तो आईला शोधत होता!

ती धावत सुटली. बसथांब्यावर मालसुनबाई रिकामा डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. भोवती चार माणसं होती, पण सेयॉन तिथेच गुडघ्यांवर कोसळली.

"आई, त्यांना तुम्ही दिसतच नव्हता हो! राग नव्हताच कधी... आणि मला वाटत होतं की आहे, आणि मी... मला त्यात बरं वाटत होतं! तुमच्या बळीवर मी सुखानं निजत होते!"

"ऊठ आधी. लोक बघताहेत, वाटेल सासू मारतेय."

"का घेतलंत माझं पाप अंगावर?"

मालसुनबाईंनी सुरीच्या व्रणांनी भरलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "बायकोवर धरलेली अढी घर मोडते गं. आईवरचा राग कुठे जातो? आईपाशीच राहतो. आणि ती सुई तुझ्या हातात पहिल्यांदा दिली कुणी? लग्नाच्या पहिल्या वर्षी, मीच ना?"

चारची बस आली आणि त्यांच्याविनाच गेली.

बांगबाईंनी त्यांना मुद्दाम डावीकडेच बसवलं. "हाक मारा. खांद्यावर थोपटत राहा."

"ग्युहो... बाळा..."

त्याची मान उजवीकडे गेली. पुन्हा हाक... पुन्हा उजवीकडे. सहाव्या वेळी ती थरथरली, गंजलेल्या बिजागरीसारखी तसूतसूनं डावीकडे सरकली, आणि त्याचे डोळे आईच्या चेहऱ्यावर येऊन थांबले.

"आई? ...आत्ता येतेस होय? एकवीस दिवस झाले... एकदाही आली नाहीस तू!"

मालसुनबाई त्याचा खांदा थोपटत राहिल्या. "आत्ताच आले रे. बस चुकत होती रोज."

"नाही!" सेयॉन ओरडलीच. "रोज यायच्या त्या! रोज तुमचा हात चोळायच्या! आणि सुई... सुई मी टोचली होती हो. त्या गाडी बोलाव म्हणत होत्या, मीच हसले..."

ग्युहो छताकडे पाहत राहिला. मग त्याचा उजवा हात चादरीवर चाचपडू लागला, काहीतरी शोधू लागला.

"माझा अंगठा..." तो हळूच म्हणाला. "कुठे आहे? मला सापडत नाही. दाखव."

सेयॉननं त्याचा थंड डावा अंगठा त्याच्या उजव्या मुठीत दिला. त्यानं मूठ मिटली, आत तिची बोटंही अडकली, आणि ती त्यानं सोडली नाहीत. क्षमा केली, असं मात्र तो म्हणाला नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही कधी नाही.

संध्याकाळी तिनं मिग्यंगला फोन करून सगळं सांगितलं, पलीकडून फोन आदळेपर्यंत. मग शेवटची बस धरून ती बोमकडे गेली. बुटक्या खाटेवर आता मालसुनबाई निजतात, त्याच्या डाव्या अंगाला. तो हात काही परत येणार नाही, असं बांगबाई म्हणतात.

तुमच्याही ओळखीत कुणी आजारी असेल. तुम्ही फळं घेऊन जाल, त्याची विचारपूस कराल, सगळेच करतात. पण निघण्याआधी खाटेला वळसा घालून पलीकडे जा हो. तिथे स्टुलावर कुणीतरी बसलेलं असेल, हात चोळत, गप्प. जवळ जाऊन तिला एवढंच विचारा... जेवलात का?