रिकाम्या सीटचे पट्टे

दुपारी अडीचला दारावरची बेल वाजली आणि नुकतंच झोपलेलं बाळ टक्क जागं झालं.

सासरेबुवांनी कपाळाला हात लावला. पाऊण तास येरझाऱ्या घालून त्यांनी नातवाला निजवलं होतं. सूनबाईनं दार उघडलं. बाहेर एक ठेंगणी, काटक बाई उभी होती. अंगात दुकानाचं नाव शिवलेलं जाकीट, आणि पायांत वयस्कर बायका घालतात तशा मऊ चपला.

"गडबडीत आईच्या घालून आले," सूनबाईची नजर पाहून ती म्हणाली. "आमचं माप एकच आहे, डोक्यापासून पायापर्यंत." मग तिनं दम घेतला. "आज साडेबाराला माझी गाडी शर्यतीच्या रस्त्यावर पळत होती. आणि मी घरी झोपले होते."

तिला सगळे धुरळा म्हणत. वाळू, खडक, कोरडे नाले अशा आडरानातल्या मोटारशर्यतींत तिची पिवळी सतरा नंबरची गाडी पुढे असली की मागच्यांना दुसरं काही दिसत नसे, म्हणून ते नाव. एरवी तिचं शॉक ॲब्सॉर्बर दुरुस्त करायचं एका शटरचं दुकान होतं. उद्या सकाळी मोसमातली शेवटची शर्यत. नियम असा, की शर्यतीआधी त्या रस्त्यावर कोणी गाडी घालायची नाही. घातली तर दोन वर्षं बंदी. पहारेकऱ्यानं सतरा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पाच वाजता शर्यत समितीचे अध्यक्ष दुकानात येऊन निकाल देणार होते.

"घरी बरोबर कोण होतं?" सूनबाईनं विचारलं.

"मुलगी. ताप होता, तिला कुशीत घेऊन पडले होते. ती चार वर्षांची आहे, आता शेजारणीकडे ठेवून आलेय. समिती म्हणते, साक्षीदार मोठा आणा." धुरळानं जाकिटाची चेन उगीचच वरखाली केली. "दोन वर्षांनी मी चाळिशीला टेकेन. परत गाडीत बसेन का, मलाच माहीत नाही. आणि लोक माझ्याकडे काम आणतात ते मी पळते म्हणून. पळायचं थांबले की शटरही खाली येणार."

सूनबाई पूर्वी विमा कंपनीत अपघातांची चौकशी करायची. बाळ झाल्यावर तिनं स्वतंत्र कामं घ्यायला सुरुवात केली. बाळाला सांभाळायला म्हणून सासरेबुवा बरोबर जात आणि तपासावर आपलं मतही देत. ते बहुतेक वेळा चुकायचं, पण सूनबाई नेहमी शेवटपर्यंत ऐकून घ्यायची.

"बाबा, बाळाची झोळी घ्या," ती म्हणाली.

दुकानात स्प्रिंगा मापानुसार सळयांवर ओवलेल्या होत्या. जमीन तेलानं काळी, पण काउंटर मात्र लख्ख. मिस्त्री मागच्या अंगणातून आला, तो पावतीपुस्तकाला हात लावण्याआधी निमूटपणे नळाकडे वळला.

"माझ्या काउंटरवर काळं बोट दिसलं तर चहा बंद," काउंटरमागून धुरळाची आई म्हणाली. ती मान वर न करता लोकरीचं पिवळं झबलं विणत होती, ओठांतल्या ओठांत टाके मोजत. आजारी नातीसाठी होतं ते. सूनबाईनं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, की दुपारभर ती इथेच विणत बसली होती. मिस्त्री बारा ते दीड जेवायला घरी गेला. गाडीची किल्ली तिच्या डोक्यामागच्या खिळ्यालाच होती, आताही आहे.

"आणि मागच्या अंगणातून गाडी सुरू होऊन गेली, ते ऐकलं नाहीत?"

"कान गेलेत माझे. इंजिनं ऐकण्यात जन्म गेला, कान राहतील कसे?"

झोळीतून बाळानं हात लांबवून विणायची सुई घट्ट धरली. थोडी झटापट झाली. सासरेबुवांनी हसत हसत ती सोडवली आणि मग नातवाची बोटं धोतराला पुसू लागले. "गॅरेजमध्ये आलं की काळं लागायचंच," ते म्हणाले.

मागच्या अंगणात गाडी उभी होती. छत म्हणजे नुसत्या नळ्या, काच नाही, दोन सीट, सगळीकडे लाल धूळ. सूनबाई वाकली. चालकाच्या सीटचे जाड पट्टे धुरळाच्या मापालाच ओढलेले होते, तसूभरही सैल नाही. शेजारच्या रिकाम्या सीटचे पट्टे मात्र ताणून एकमेकांत अडकवलेले होते, जणू तिथे कोणी न दिसणारं बसलं आहे.

"हे असे होते?"

"नाही," धुरळा म्हणाली. "सकाळी सीट पुसताना मोकळे लोंबत होते. हे कोणी लावले?"

मिस्त्रीनं मान खाजवली. त्याच्या उस्तादानं सांगितलं होतं म्हणे, की आडरानात एकटं पळणारा माणूस शेजारचे पट्टे आधी बांधतो, नाहीतर हादऱ्यानं त्यांचं बक्कल उडून कानशिलावर बसतं. पण एकटं पळायची पद्धत केव्हाच गेली. आता शेजारी वाट सांगणारा असतोच. धुरळाही कधी एकटी पळाली नव्हती. उद्या पहिल्यांदाच पळणार होती, कारण तिचा वाटाड्या पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या संघात गेला, आणि मिस्त्रीला चालत्या गाडीत उलट्या होत.

"तो वाटाड्या," सासरेबुवा सुनेच्या कानाशी कुजबुजले. "त्याला किल्लीची जागा माहीत. नव्या मालकाला खूश करायला केलं त्यानं."

"उंचीला कसा आहे तो?" सूनबाईनं विचारलं.

"दारातून वाकून येतो," मिस्त्री म्हणाला. तो स्वतः रुंदीला दाराएवढा होता.

मिस्त्रीनं चाकांची हवा मोजली. वाळूत जाण्याआधी थोडी हवा सोडतात, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. चारही चाकांतली हवा कमी होती, आणि काटा चारही वेळा एकाच रेघेवर थांबला. मिस्त्रीनं शीळ घातली. "पण मीटर तर इथे भिंतीवरच्या कपाटात होता. माझ्या कुलपात."

तेवढ्यात झोळीतून अगदी बारीक कुरकुर आली. आतून, अर्धवट लोटलेल्या दारापलीकडून, आईचा आवाज आला. "ही झोपेची नाही, भुकेची आहे. मागच्या खोलीत बस जा, बाई."

मागच्या खोलीत बाळाला पाजताना सूनबाईला समोरची भिंत दिसत होती. दुकानाचं उद्घाटन, पहिली मोठी स्प्रिंग, रांगणारी धुरळा. सगळ्या फोटोंच्या मध्ये मोठ्या चौकटीत एक जुनी गाडी होती, नऊ नंबरची. शिरस्त्राण आणि धुळीनं माखलेला चष्मा घातलेला चालक शेवटची रेघ ओलांडत होता.

"आमचे अण्णा, माझे वडील," धुरळा दारातून म्हणाली. "मला आठवतात ते कॅमेऱ्यामागेच. सगळे फोटो त्यांनीच काढलेले. त्यांचा असा हा एकच." तिचा आवाज खाली आला. "गेल्या वर्षी मी नाल्यात उलटले, चार दिवस शुद्ध नव्हती. आई म्हणे याच खोलीत माझ्या पोरीला मांडीवर घेऊन बसून असायची. बोलली मात्र काही नाही. ती बोलतच नाही."

सूनबाई बराच वेळ त्या फोटोकडे पाहत राहिली. बाळ झोपलं तरी उठली नाही.

शेवटी सासरेबुवा आणि सूनबाई पहारेकऱ्याला भेटले. शर्यतीच्या रस्त्याच्या फाटकापाशी दगडावर बसून तो आपली गोष्ट सातव्यांदा सांगत असावा. गाडी आली ती बरोबर त्याच्यासमोर थांबली, नंबर वाचता येईल अशी. चालक उतरला, शिरस्त्राण डोक्यावरच. चारही चाकांपाशी उकिडवा बसला, काहीतरी बारीक वस्तू हवा भरायच्या तोंडात खुपसली, मान तिरकी करून बसून राहिला. मग गाडी वाळूत शिरली, नाल्यापर्यंत गेली आणि परत आली.

"पण काय पळवली," तो म्हणाला. "नाल्याच्या वळणावर सगळे ब्रेक मारतात. ही नाही. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. तक्रार लिहिताना मलाच वाईट वाटत होतं."

परतताना सासरेबुवांनी आपलं मत बदललं. आता त्यांचा संशय मिस्त्रीवर होता, कारण तो जास्त बोलत होता.

पाच वाजता अध्यक्ष आले. पांढऱ्या मिशांचे, हातात नियमांची वही. सूनबाईनं सगळ्यांना मागच्या खोलीत बसवलं. आई विणकाम घेऊनच आली.

"चोरून सराव करणारा माणूस पहारेकऱ्यासमोर थांबेल का?" सूनबाईनं सुरुवात केली. "ज्यानं गाडी नेली त्याला दिसायचंच होतं. सराव नको होता, बंदी हवी होती."

"मग तो वाटाड्याच," सासरेबुवा म्हणाले.

"तो दारातून वाकून येतो, बाबा, आणि मिस्त्रीकाका दारात मावत नाहीत. चालकाचे पट्टे यांच्या मापावरून हललेही नाहीत. म्हणजे नेणारा माणूस यांच्याच मापाचा. पण या स्वतः नाहीत. यांनी शेजारचे पट्टे बांधले नसते. एकटं पळताना ते बांधायचे असतात हेच यांना माहीत नव्हतं. ते काम सवयीनं झालंय. फसवाफसवी करायला निघालेल्या माणसाच्या हातानं, नकळत. जुन्या काळी एकटं पळलेल्या माणसाच्या हातानं."

धुरळानं नकळत भिंतीकडे पाहिलं. "अण्णा एकटे पळायचे. पण अण्णा तर गेले."

"फोटो नीट बघा. नऊ नंबरच्या रिकाम्या सीटचे पट्टे बांधलेले आहेत, आजच्यासारखेच. आणि आता सांगा, इथला प्रत्येक फोटो अण्णांनी काढला, तर हा कोणी काढला?"

 आईच्या सुया थांबल्या.

"हवा मीटरशिवाय सोडली, आणि चारही चाकांत सारखी," सूनबाई हळू आवाजात म्हणाली. "फुसफुस ऐकत, मनात आकडे मोजत. असं मोजणारं माणूस इथे एकच आहे. कान गेले म्हणता, आजी, पण लोटलेल्या दाराआडून माझ्या बाळाची भूक तुम्ही माझ्याआधी ओळखलीत. आणि ज्या काउंटरवर काळ्या बोटाला चहा मिळत नाही, तिथल्या सुईला धरून बाळाची बोटं काळी झाली, कारण हवा त्याच सुईनं सोडली होती. हे झबलं बघा. सगळं पिवळं आहे, आणि दुपारी विणलेल्या या दोन ओळी मात्र काळपट."

सासरेबुवांनी धोतरावरच्या काळ्या डागाकडे पाहिलं आणि तो हातानं झाकला.

आईनं झबलं मांडीवर पसरलं. बोटानं त्या दोन ओळी चाचपल्या.

"चार दिवस नात मला विचारत होती, आई उठणार का," ती म्हणाली. "परत ते नको म्हटलं. बंदी आली तर लेक माझ्यावर नाही, समितीवर रागावेल. पण घरी असेल."

"पण आई, तो फोटो..." धुरळा फोटोकडे वळली. "तू कधी सांगितलं नाहीस."

"तू चार वर्षांची होतीस. फोटोकडे बोट दाखवून म्हणालीस, अण्णा. तुला इतका आनंद झाला होता, म्हटलं असू दे. तुझ्या वेळेला दिवस गेले तेव्हाच मी पळणं सोडलं होतं. परत कोणी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही."

सूनबाई पुढे झाली. "एकच कळलं नाही मला. बंदीसाठी फाटकाच्या आत चार पावलं पुरली असती. तुम्ही नाल्यापर्यंत का गेलात?"

आई पहिल्यांदाच हसली. तिचे खालचे दोन दात वाकडे होते, आणि हसताना ती अगदी धुरळासारखी दिसत होती.

"चाकाखाली वाळू आली," ती म्हणाली, "मग राहवलं नाही."

अध्यक्ष उठून फोटोपाशी गेले होते. चष्मा पुसून त्यांनी परत पाहिलं. "नऊ नंबर. बक्षीस घ्यायला कधीच यायचा नाही हा माणूस, दुकानाचे मालक अण्णाच यायचे. यानं मला दोनदा हरवलंय."

"तीनदा," आई म्हणाली.

अध्यक्षांनी खाकरून वही उघडली. धुरळावरची तक्रार खोडली. नियम मोडणाऱ्या चालकाला मात्र दोन वर्षं गाडी चालवायची बंदी, असं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"जवळजवळ चाळीस वर्षांची मीच घालून घेतली होती," आई म्हणाली. "तुमची दोन म्हणजे सूटच झाली."

आणि रस्ता कोणीतरी आधी पाहिला म्हणून तक्रार नको, यासाठी उद्याची शर्यत उलट्या दिशेनं सुटेल, असंही अध्यक्षांनी लिहिलं. दाराशी पोचल्यावर ते थांबले. "बंदी चालवण्याची आहे," ते वहीकडे पाहत म्हणाले. "शेजारी बसण्याबद्दल इथे काही लिहिलेलं नाही."

ते गेल्यावर धुरळा उठली, आईकडे न पाहता अंगणात गेली. रिकाम्या सीटचे पट्टे सोडवल्याचा खटका सगळ्यांना ऐकू आला.

"मी चिडलेय तुझ्यावर," ती आत येऊन म्हणाली. "उद्या संध्याकाळपर्यंत चिडलेली असेन. नाल्याचं ते वळण ब्रेकशिवाय कसं घेतात?"

"दगड दिसायची वाट बघायची नाही," आई म्हणाली. "इंजिनाचा आवाज कातळावरून परत आला की वळायचं. मी सांगेन कधी ते."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या रेघेपाशी आधी दिसला तो नुसता लाल ढग. पहारेकरी टाचा उंचावून उभा होता. मिस्त्री डोळे मिटून होता, पळती गाडी बघूनही त्याला मळमळायचं. ताप उतरलेली मुलगी नवं झबलं घालून त्याच्या खांद्यावर बसली होती आणि तीच पहिल्यांदा म्हणाली, सतरा. मागे कोणी होतं की नाही ते कळायला पुढे मिनिटभर लागलं.

सासरेबुवांनी त्या मिनिटात एका हातानं झोळी सावरत फोटो काढला. तो थोडा तिरका आला. धुळीतून दोन शिरस्त्राणं दिसतात, एकाच उंचीची, आणि शेजारच्या सीटवरच्या बाईचा एक हात हवेत आहे, पुढच्या वळणाकडे दाखवत, शर्यत संपली तरी.

तो फोटो आता नऊ नंबरच्या शेजारी लावला आहे. धुरळानं दोन्हींखाली स्वतःच्या हातानं लिहिलं. जुन्याखाली: आई. नव्याखाली: आई आणि मी.